भाव आणि आचरण : आगऱ्याच्या बनारसीदासांचा हिशेब

माणसाची खरी ओळख त्याच्या मनातील भावाने होते की त्याच्या हातून घडणाऱ्या कृतीने, हा प्रश्न जितका प्राचीन आहे तितकाच रोजच्या व्यवहारातला आहे. ‘मन शुद्ध असले म्हणजे झाले, बाकीचे उपचार कशाला?’ असे म्हणणारे श्रावक आज घरोघर आढळतात. त्याचप्रमाणे सर्व उपचार काटेकोरपणे पाळूनही ज्यांच्या मनाला त्या उपचारांचा स्पर्शही झालेला नाही, असे श्रावकही आढळतात. पहिला वर्ग दुसऱ्याला कर्मठ ठरवतो आणि दुसरा पहिल्याला धर्मभ्रष्ट ठरवतो. आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा घेतला जात असताना, धर्म मनात असतो की आचरणात, या मूळ प्रश्नाकडे वळणे अप्रस्तुत ठरू नये. जैन इतिहासात या प्रश्नाचे उत्तर केवळ ग्रंथांतच नव्हे, तर एका व्यापाऱ्याच्या आयुष्यातही लिहिलेले आहे. तो व्यापारी म्हणजे सतराव्या शतकातील आगऱ्याचे कविवर बनारसीदास.

वादाची प्राचीन पार्श्वभूमी

हा वाद भगवान महावीरांच्या काळापर्यंत मागे जातो. बौद्धांच्या मज्झिमनिकायातील उपालिसुत्तात नालंदा येथील एक प्रसंग आला आहे. पापकर्मात काया, वाचा आणि मन यांपैकी सर्वांत भारी कोण, असा तेथे प्रश्न आहे. निर्ग्रंथ साधू कायेला सर्वांत भारी मानतात आणि बुद्ध मनाला, अशी त्या सुत्ताची मांडणी आहे. आपल्या आगमांपैकी सूत्रकृतांगात याच वादाची दुसरी बाजू दिसते. तेथे आर्द्रक मुनी बौद्धांशी वाद करतात. माणसाला पेंडीचा गोळा समजून मारले तर पाप लागत नाही, कारण मनात हिंसा नव्हती, असे प्रतिपक्षाचे म्हणणे तेथे मांडले आहे. आर्द्रक ते साफ नाकारतात. समोर जिवंत माणूस आहे की पेंड, हे पाहण्याची तसदीही ज्याने घेतली नाही, त्याला ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही, असा त्यांच्या भूमिकेचा आशय आहे.

यावरून जैन धर्म केवळ देहाच्या क्रियेकडे पाहतो आणि मनाला मोजत नाही, असा समज कोणी करून घेईल तर तोही चुकीचा ठरेल. तंदुल मत्स्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. महामत्स्याच्या कानात, काही कथांप्रमाणे पापणीत, राहणारा तो तांदळाच्या दाण्याएवढा मासा. महामत्स्याच्या उघड्या मुखातून असंख्य मासे आत येतात आणि सुखरूप बाहेर जातात, हे पाहून तो मनात म्हणतो की, ‘याच्या जागी मी असतो तर एकालाही सोडले नसते.’ त्याने एकही मासा गिळलेला नाही, तरी केवळ त्या विचाराने तो सातव्या नरकाचा धनी होतो.

प्रसन्नचंद्र राजर्षींची कथाही याच आशयाची आहे. पोतनपूरचे हे राजे अल्पवयीन पुत्राला गादीवर बसवून दीक्षा घेतात आणि कायोत्सर्गात उभे राहतात. मंत्र्यांनी पुत्राविरुद्ध कट केल्याचे बोलणे कानी पडताच त्यांच्या मनात घनघोर युद्ध सुरू होते. देह निश्चल आहे, पण मनात शत्रूंची मस्तके उडत आहेत. त्या क्षणी मृत्यू आला तर गती सातव्या नरकाची, असे भगवान महावीर श्रेणिक राजाला सांगतात. पुढे शत्रूवर मुकुट फेकण्यासाठी राजर्षींचा हात मस्तकाकडे जातो, लोच केलेले मस्तक हाताला लागते आणि ते भानावर येतात. पश्चात्तापाने भाव पालटतो आणि थोड्याच वेळात त्यांना केवलज्ञान प्राप्त होते.

या कथांतून विचाराचे सामर्थ्य स्पष्ट होते. पण येथेच एक घसरणीची जागा आहे. वाईट विचाराने कृतीवाचूनही कर्मबंध होतो, तर मग चांगला विचार असताना वाईट कृती माफ का होऊ नये? वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. त्याचे उत्तर तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातील हिंसेच्या व्याख्येत आहे. प्रमत्त योगाने, म्हणजे बेसावध आणि कषाययुक्त प्रवृत्तीने, प्राणांचा घात करणे ही हिंसा, असे उमास्वाती सांगतात. ईर्यासमितीने, भूमी पाहून चालणाऱ्या साधूच्या पायाखाली अकस्मात जीव आला तर त्या निमित्ताने त्याला बंध नाही. जो न पाहता चालतो त्याच्या पायाखाली एकही जीव मेला नाही, तरी तो हिंसेचा भागीदार आहे. कारण निष्काळजीपणा ही केवळ पायांची चूक नसून ती मनाचीच अवस्था आहे. ज्याला दुसऱ्याच्या जिवाची खरी चाड आहे तो पाहून चालतोच. तात्पर्य, ‘भाव चांगला होता, पण लक्ष नव्हते’ या वाक्याचा पूर्वार्ध उत्तरार्धानेच खोडून काढला जातो.

जौनपूरचा व्यापारीपुत्र

शास्त्राने सांगितलेली ही गोष्ट आयुष्यात उतरवताना मोठमोठ्यांची गफलत होते. बनारसीदासांचे चरित्र त्याचा बोलका पुरावा आहे. संवत १६४३ मध्ये, म्हणजे इ. स. १५८६ च्या सुमारास, जौनपूरच्या श्रीमाल जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील खरगसेन जवाहिऱ्याचा व्यापार करीत. घराणे श्वेतांबर खरतरगच्छाचे होते. तारुण्यात या मुलाचे लक्ष व्यापारापेक्षा काव्यात आणि प्रेमप्रकरणांत अधिक होते. त्याने शृंगाररसाचे हजार पद्यांचे एक काव्य रचले आणि पुढे उपरती होताच ते गोमती नदीत सोडून दिले. त्यानंतर त्याने रोज पूजा, जप, सामायिक, प्रतिक्रमण असे नियम घेतले. गावाने ज्याला वाया गेलेला म्हटले होते, त्यालाच गाव धार्मिक म्हणू लागले.

व्यापारात मात्र यश हुलकावणी देत राहिले. वडिलांनी जवाहीर, कापड, तूप, तेल असा माल देऊन आगऱ्याला पाठवले, तेथे बराचसा माल तोट्यात गेला आणि काही जवाहीर हरवले. उपासमारीची वेळ आली तेव्हा त्यांनी कचोरी विकणाऱ्याकडे उधारीवर जेवण्यास सुरुवात केली. काही दिवसांनी आपल्याजवळ पैसा नाही, यापुढे उधार देऊ नये, असे त्यांनी स्वतःच त्या विक्रेत्याला सांगून टाकले. तो भला माणूस म्हणाला की खात राहा, कोणी काही बोलणार नाही. कित्येक महिने चाललेले हे देणे पुढे बनारसीदासांनी चुकते केले. रात्री जमणाऱ्या मंडळींना ते प्रेमकथा वाचून दाखवीत आणि दिवस ढकलीत. पुढे व्यापाराचा जम थोडाबहुत बसला. घरात मात्र एकामागून एक दुःखे येत राहिली. तीन विवाह झाले, दोन मुली आणि सात मुलगे झाले आणि त्यांतील एकही अपत्य जगले नाही.

बारा वर्षांची भ्रांती

संवत १६८० मध्ये, म्हणजे इ. स. १६२३ मध्ये, खैराबाद येथे अरथमल ढोर नावाच्या अध्यात्मप्रेमी गृहस्थांनी त्यांच्या हाती एक ग्रंथ ठेवला. तो होता आचार्य कुंदकुंदांचा समयसार, पांडे राजमल्लांच्या लोकभाषेतील टीकेसह. आत्मा स्वभावतः शुद्ध, ज्ञाता आणि द्रष्टा आहे, देह व देहाच्या क्रिया परद्रव्य आहेत, हा निश्चयनयाचा उपदेश वाचून बनारसीदास भारावून गेले. ग्रंथ थोर होता. तो पचवण्याची तयारी मात्र नव्हती. आत्मा शुद्धच आहे, तर मग जप, तप, सामायिक आणि प्रतिक्रमण कोणासाठी, असे त्यांना वाटू लागले. त्यांनी एकेक नियम सोडला. हिरव्या भाजीच्या त्यागाचे जे व्रत होते तेही सुटले. देवापुढे ठेवलेला नैवेद्य खाण्यापर्यंत मजल गेली.

त्यांना चंद्रभान, उदयकरण आणि थानसिंह असे तीन समविचारी मित्र लाभले. हे चौघे खोलीचे दार लावून घेत, वस्त्रे उतरवून नाचत आणि ‘आपण मुनी झालो, आपल्यापाशी कसलाही परिग्रह नाही’ असे म्हणत. एकमेकांच्या पगड्या ओढणे, जोडे मारणे असले खेळही चालत. बाहेर आल्यावर हेच लोक अध्यात्माची मोठमोठी वचने सांगत. लोकांनी बनारसीदासांना ‘खोसरामती’ असे हेटाळणीचे नाव दिले. आश्चर्य असे की हे सारे कोणा निंदकाने लिहून ठेवलेले नाही, तर बनारसीदासांनी स्वतःच्याच लेखणीने नोंदवले आहे. क्रियेत रस राहिला नाही आणि आत्म्याचा स्वाद तर मिळालाच नाही, अशी आपली दोन्हींकडून कोंडी झाल्याचे ते सांगतात.

बंद खोलीतील त्या मुनिपणाचा येथे थोडा विचार करावा. परिग्रह नसल्याचा त्यांचा दावा मनापुरता होता. दार उघडले की वस्त्रे अंगावर येत आणि घरदार, दुकान, येणे-देणे सारे पूर्वीप्रमाणे सुरू होई. खऱ्या मुनीला परीषह सोसावे लागतात, अन्नासाठी गृहस्थाच्या दारी जावे लागते, थंडी-वाऱ्यात चालावे लागते. या चौघांच्या मुनिपणाला कसलेही मोल द्यावे लागत नव्हते. ज्या विचारासाठी काहीच सोडावे लागत नाही, तो विचार खरा आहे की नुसता सुखावह आहे, हे ओळखण्याचे कोणतेही साधन विचार करणाऱ्यापाशी उरत नाही. बनारसीदास लबाडी करीत नव्हते. ते जे बोलत त्यावर त्यांचा विश्वास होता. म्हणूनच ही भ्रांती एक-दोन महिने नव्हे, तब्बल बारा वर्षे टिकली.

पांडे रूपचंदांचे आगमन

संवत १६९२ मध्ये, म्हणजे इ. स. १६३५ मध्ये, पांडे रूपचंद नावाचे विद्वान आगऱ्याला आले आणि तिहुना साहूंनी बांधलेल्या मंदिरात उतरले. अध्यात्मी मंडळींनी त्यांना गोम्मटसार वाचून दाखवण्याची विनंती केली. आचार्य नेमिचंद्रांच्या या ग्रंथात चौदा गुणस्थानांचे विवेचन आहे. जीव मिथ्यात्वापासून अयोगी केवली अवस्थेपर्यंत कसा चढत जातो, कोणत्या पायरीवर कोणते कर्म उदयात असते आणि कोणत्या पायरीला कोणते आचरण शोभते, हे त्यात क्रमाने सांगितले आहे.

रूपचंदांनी बनारसीदासांना समयसार खोटा असल्याचे सांगितले नाही. शुद्ध आत्म्याची गोष्ट खरीच आहे, पण जो जीव ज्या पायरीवर उभा आहे त्याची क्रियाही त्या पायरीचीच असते, एवढेच गोम्मटसाराच्या वाचनातून उलगडले. चौथ्या-पाचव्या गुणस्थानाचा श्रावक तेराव्या गुणस्थानाची भाषा बोलू लागला म्हणून तो तेथे पोहोचत नाही. आपण पोहोचलो असे मानणे हे मात्र त्याच्या चढण्यातील मोठे विघ्न ठरते. बनारसीदासांचे डोळे उघडले. निश्चय आणि व्यवहार या दोन्ही नयांना आपापल्या जागी मानणारा स्याद्वाद त्यांच्या मनात स्थिर झाला. पुढच्याच वर्षी, संवत १६९३ मध्ये, त्यांनी ‘समयसार नाटक’ हा आपला प्रसिद्ध ग्रंथ पूर्ण केला. ज्या ग्रंथाच्या अर्धवट वाचनाने ते भरकटले, त्याच ग्रंथाचे त्यांनी संपूर्ण समजुतीने लोकभाषेत पुनःकथन केले.

अर्थात त्यांच्यावर टीका झालीच. श्वेतांबर उपाध्याय मेघविजय यांनी ‘युक्तिप्रबोध’ लिहून बनारसीदासांच्या मताचे खंडन केले. उपाध्याय यशोविजयांनीही ‘अध्यात्ममतपरीक्षा’ लिहिली. पण हेच यशोविजय ‘अध्यात्मसार’ या ग्रंथाचेही कर्ते आहेत, हे विसरता येत नाही. अध्यात्माला विरोध कोणाचाच नव्हता. अध्यात्माच्या नावाखाली आचरणाला मिळणाऱ्या सुटीला विरोध होता.

जमा आणि नावे

संवत १६९८ मध्ये, म्हणजे इ. स. १६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी बनारसीदासांनी आपले आत्मचरित्र लिहिले. माणसाचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरून त्यांनी त्याला ‘अर्धकथानक’ असे नाव दिले. ६७५ पद्यांचा हा ग्रंथ भारतीय भाषांतील अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक मानला जातो. मुंबईच्या हिंदी ग्रंथ रत्नाकरचे संस्थापक पंडित नाथूराम प्रेमी यांनी १९४३ मध्ये तो संपादित करून प्रसिद्ध केला आणि मुकुंद लाठ यांचा इंग्रजी अनुवाद १९८१ मध्ये जयपूरहून निघाला.

या ग्रंथाच्या शेवटी बनारसीदासांनी व्यापाऱ्याच्या सवयीने आपला ताळेबंद मांडला आहे. जमेच्या बाजूला ते लिहितात की आपण क्षमाशील आहोत, संतोषी आहोत, वाणी गोड आहे, काव्य व अध्यात्म यांत गती आहे. मग नावेची बाजू येते. क्रोध, मान आणि माया पाण्यावरील रेघेप्रमाणे क्षणिक आहेत, पण धनाचा लोभ मोठा आहे. जप, तप, संयम यांकडे ओढ नाही. पूजेत आणि दानात मन रमत नाही. थोडा लाभ झाला की अतिहर्ष होतो, थोडी हानी झाली की चिंतेत बुडून जातो. कधी अकस्मात भय ग्रासते. आणि एकांत मिळाला की अजूनही नाचावेसे वाटते. माणसांच्या उत्तम, मध्यम आणि अधम अशा तीन प्रतींपैकी आपण मध्यम, असे ते सांगतात.

बारीक नजरेने पाहिले तर या यादीतील बरेच दोष त्या बारा वर्षांतीलच आहेत. तेव्हाही जप-तप सुटले होते, आताही त्यांत मन लागत नाही. मग बदलले काय? पूर्वी या उणिवेला त्यांनी तत्त्वज्ञानाचे वस्त्र पांघरले होते. ‘आत्मा शुद्ध आहे, म्हणून पूजा नको’ असा तो युक्तिवाद होता. आता ते तसे म्हणत नाहीत. पूजेत मन रमत नाही, हे ते सरळ दोषाच्या रकान्यात लिहितात. उणीव तीच, पण तिचा रकाना बदलला. देणे नाकारणारा आणि देणे कबूल करणारा या दोघांचीही तिजोरी आज रिकामी असेल, तरी उद्या कर्ज फिटण्याची आशा केवळ दुसऱ्याच्या बाबतीतच असते, हे कोणाही व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

पुढील परंपरा

बनारसीदासांनंतर शतकभराने जयपूरच्या पंडित टोडरमलांनी ‘मोक्षमार्गप्रकाशक’ ग्रंथाच्या सातव्या अधिकारात या विषयाची सविस्तर चिकित्सा केली. केवळ निश्चयाचा आभास झालेले, केवळ व्यवहाराचा आभास झालेले आणि दोन्ही मानतो असे म्हणून दोन्हींचा आभासच जोपासणारे, अशा भरकटलेल्या जैनांच्या तऱ्हा त्यांनी दाखवल्या. त्याआधी कित्येक शतके आचार्य अमृतचंद्रांच्या समयसार-टीकेतही इशारा आलेलाच होता की व्यवहार सोडला तर तीर्थाचा लोप होतो आणि निश्चय सोडला तर तत्त्वाचा.

मुंबईत जवाहिऱ्याचा व्यापार करणारे श्रीमद् राजचंद्र यांनी १८९६ मध्ये नडियाद येथे ‘आत्मसिद्धि’ हे १४२ पद्यांचे काव्य रचले. त्याच्या आरंभीच त्यांनी दोन प्रकारच्या लोकांविषयी करुणा व्यक्त केली आहे. एक क्रियाजड, जे बाह्य क्रियेतच रंगून गेले आहेत. दुसरे शुष्कज्ञानी, जे बंध आणि मोक्ष ही कल्पना आहे असे तोंडाने म्हणतात आणि वागतात मात्र मोहाच्या आवेशात. १८९१ मध्ये विलायतेहून परतलेले मोहनदास गांधी या तरुण जवाहिऱ्याला मुंबईत भेटले. लाखोंचा सौदा संपताच ज्यांच्या हाती धर्मचिंतनाची वही येते, अशा या गृहस्थाचा आपल्या मनावर किती खोल ठसा उमटला, हे गांधीजींनी आपल्या आत्मकथेत नोंदवले आहे. दुकान आणि वही यांत त्यांना अंतर आढळले नाही, हेच त्या ठशाचे कारण असावे.

आपल्यापुरता बोध

आगऱ्यातील ती बंद खोली केवळ इतिहासजमा झालेली नाही. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात उत्साहाच्या भरात मोठी बोली घेतली जाते, टाळ्या होतात, आणि रक्कम वर्षानुवर्षे वहीत येणे म्हणून पडून राहते. विचारले तर ‘भाव तर चांगला होता’ असे उत्तर मिळते. संवत्सरीला हात जोडून क्षमा मागितली जाते आणि ज्याच्याशी वर्षभर अबोला आहे त्याचे घर तेवढे टाळले जाते. मंदिरात मुंगी वाचवण्यासाठी पाऊल जपून टाकणारा गृहस्थ दुकानातील नोकराचा पगार थकवताना तितका जपत नाही. या प्रत्येक ठिकाणी मनात सद्‌भाव नसतो असे नाही. तो असतो, पण बंद खोलीत असतो. ज्याची रक्कम अडली आहे, ज्याच्या घरी क्षमा पोहोचली नाही, ज्याचा पगार थकला आहे, त्याला त्या सद्‌भावाचा काही उपयोग नसतो.

म्हणून विचार माणसाला घडवतात हे खरे. तंदुल मत्स्याची कथा खोटी नाही. परंतु आपले विचार कसे आहेत, याचा निकाल विचार करणाऱ्याने स्वतःच द्यायचा नसतो. आरोपीच्या जबानीवरच न्याय होऊ लागला तर कोणीही दोषी ठरणार नाही. मनाचा खरा साक्षीदार हात आहे, पाय आहे, जीभ आहे आणि दुकानातील माप आहे. या साक्षीत आणि मनाच्या म्हणण्यात तफावत पडली तर ती तत्त्वज्ञानाने झाकू नये; दोषाच्या रकान्यात लिहावी. प्रतिक्रमणाचा अर्थ तरी याहून वेगळा काय आहे? मागे वळून पाहणे, चुकलेले पाऊल चुकले असे म्हणणे आणि पुढचे पाऊल पाहून टाकणे, एवढाच तो आहे.

पन्नास वर्षांपूर्वी या संस्थेच्या संस्थापकांच्या मनातही सद्‌भाव होता. तो त्यांनी मनातच ठेवला असता तर आज सुवर्णमहोत्सव साजरा करण्यास काही उरले नसते. त्यांनी वर्गणी गोळा केली, हिशेब लिहिले, रोजच्या पूजेची व्यवस्था लावली आणि पुढच्या पिढीच्या हाती चोख वही दिली. त्या वहीची पुढील पाने आता आपल्या हाती आहेत. तिच्यात जमेबरोबर नावेही तितक्याच निर्भयपणे लिहिण्याची बुद्धी सर्वांना लाभो, हीच या प्रसंगी जिनचरणी प्रार्थना.